तात्पुरती कामे वगळून

४ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून ऑफिसचा रिपोर्टिंग डेटाबेस माझ्या ताब्यात. धाकट्या भावानं काल जेवताना सांगितलं. म्हणाला, ताई, जो येतो तो त्यात हात घालतो, कोणीतरी एक माणूस हवं, आणि तुझ्यासारखं टापटिपीचं दुसरं कोण आहे? भावजय म्हणाली, ताईंना झेपेल का ते कंप्युटरचं? मी म्हटलं, बाबांच्या वेळी टेंडरं मीच टाइप करत होते, चार कार्बन लावून. एक अक्षर चुकलं की पाच कागदांवर खोडायचं. त्यातून निभावले, यातूनही निभावेन. भावजय आमटी गरम करायला उठली. आमटी गरमच होती.

नीट समजून घेतलं ते लिहून ठेवते. एस्टिमेटर त्याच्या स्क्रीनवर बांधकामाचा अंदाज करतो. विटा किती, सिमेंट किती, मजुरी किती, कशाला काय दर. झाला की डेटाबेसमध्ये पाठवतो. तिथे रिपोर्टचे फॉरमॅट असतात. एक निवडायचा, बटण दाबायचं, छापील रिपोर्ट बाहेर. शेवटच्या पानावर एकूण आकडा. तोच टेंडरमध्ये भरायचा. डेटाबेस सगळ्यांना मिळून एकच, त्यामुळे फॉरमॅटमध्ये मी काही बदललं तर ते सगळ्यांचंच बदलतं.

केवढा विश्वास टाकलाय पोरानं. बाबांनी दोन फावड्यांवर आणि एका घमेल्यावर उभी केलेली ही कंपनी. तिला माझ्या हातून धक्का लागणार नाही.

संकल्प: रोज नऊच्या आत टेबलावर. डेटाबेस आरशासारखा.

६ फेब्रुवारी
पावणेदहा झाले. उद्यापासून नक्की नऊ.

डेटाबेस कसला, माळा आहे. फॉरमॅटची नावं: ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘फायनल खरंच’, ‘हा वापरा’, ‘हा वापरू नका’. शेवटचा उघडून पाहिला. चांगला होता बिचारा. सगळे काढून एकच ठेवला आणि त्याला नाव दिलं ‘रिपोर्ट’.

एस्टिमेटर येऊन उभा राहिला. चाळिशीचा, किडकिडीत, सतत कसली तरी शंका. मनातल्या मनात मी त्याला शंकासुर म्हणते. विचारलं, ताई, माझा ‘हा वापरा’ कुठाय? म्हटलं, आता सगळं एकातच. तो म्हणाला, हो का, आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला.

८ फेब्रुवारी
शंकासुर आणि धाकटा एकमेकांशी बोलत नाहीत. गेल्या वर्षी धाकट्यानं चारचौघांत त्याला ऐकवलं, तुझ्या दरांनी आपल्याला कुत्र्याचं घरसुद्धा बांधायला मिळणार नाही. तेव्हापासून दोघांत एक भिंत, एक दार आणि मी. निरोप माझ्यामार्फत जातात. मी प्रत्येक निरोपातला काटा काढते आणि मगच पोचवते. कॉन्व्हेंटच्या शाळेतही भांडणं मिटवायला मलाच पाठवायचे. मदर म्हणायच्या, या मुलीच्या जिभेवर लोणी आहे.

त्यात धाकट्याची पद्धत बाबांचीच. टेंडर भरायच्या आदल्या दिवशी केबिनचं दार लावून छापील रिपोर्टवर काटछाट करायची. किती कापलं, कशातून कापलं, कोणाला सांगायचं नाही. त्यामुळे शंकासुराचा आकडा आणि टेंडरचा आकडा कधी जुळत नाही. जुळावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. घराघराची रीत असते.

१२ फेब्रुवारी, दुपारी
आज खरं काम केलं.

रिपोर्टमधला सगळ्यांत गबाळा भाग म्हणजे ‘तात्पुरती कामे’. परांच्या, फळ्या, टेकू, पत्र्याचं कुंपण, पाणी उपसायचे पंप, रखवालदाराची खोली. पानंच्या पानं. इमारत उभी राहिली की यातलं काहीसुद्धा तिथे उरत नाही. पुस्तक छापून झाल्यावर त्याची कच्ची पानं कोणी बांधून विकतं का?

हेल्पलाइनला फोन लावला. आवाजावरून मुलगा संस्कारी वाटला. त्यानं फिल्टर लावायला शिकवलं. म्हणाला, ओळी डिलीट होत नाहीत मॅडम, नुसत्या दिसत नाहीत. पण रिपोर्टची बेरीज दिसणाऱ्या ओळींचीच होते, आणि तुमचा फॉरमॅट शेअर्ड आहे, तेवढं बघा. म्हटलं, बघते हं. बघितलं. सेव्ह केलं.

रिपोर्ट इतका सडसडीत झाला की नुसतं पाहून बरं वाटलं.

शिवणाच्या सिस्टर आठवल्या. कापडाची उलटी बाजूही सुलटीइतकीच नेटकी हवी, असा त्यांचा हट्ट. मला उलट्या बाजूचे दोरे कधी जमले नाहीत, मी सरळ अस्तर लावून टाकायची. त्या कात्री घेऊन अस्तर उसवून बघायच्या. तसं बघणारं आता कोणी राहिलं नाही.

२१ फेब्रुवारी
शाळेच्या इमारतीचं टेंडर. मी रिपोर्ट छापला, पाकिटात घालून धाकट्याला दिला. अर्ध्या तासात दार उघडलं. एरवी संध्याकाळ होते. चेहरा खुललेला. म्हणाला, ताई, यंदा कापावंच लागलं नाही. त्याला सांग, उशिरा का होईना, अक्कल आली म्हणावं.

मी शंकासुराला सांगितलं, साहेबांना आकडा आवडला.

तो म्हणाला, आवडला म्हणजे? किती कापला? ताई, जरा विचारा ना, कशातून कापलं. टेकूंना हात लावला नाही ना?

परत जाऊन धाकट्याला सांगितलं, तो अगदी समाधानी आहे.

दोघंही खूश. दिवस सत्कारणी लागला.

९ मार्च
शाळेचं काम मिळालं. वर्षभरानंतर पहिलं. धाकट्यानं सगळ्यांना केक खिलवला. शंकासुरानं त्याचा तुकडा कागदात गुंडाळून ठेवला. म्हणाला, नंतर खाईन.

रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंत्राटदाराचं ऑफिस आहे. आम्ही त्यांना ‘समोरचे’ म्हणतो. पांढरे केस, मऊ आवाज. त्यांनी फुलं पाठवली. हरल्यावर फुलं पाठवणारा माणूस आजकाल कुठे मिळतो.

संकल्प: डेटाबेसवर एक टिपण लिहायचं, पुढच्या पिढीसाठी.

२४ मार्च
गोदामाचंही काम आपल्यालाच. लागोपाठ दुसरं. योगायोग असेल, पण मी आवरायला घेतल्यापासूनच हे सुरू झालं. कोणाला बोलून दाखवत नाही.

शंकासुर टेबलाशी आला. हातात त्याचे स्वतःचे कागद. म्हणाला, ताई, एकदा जिंकलं तर आनंद. दोनदा जिंकलं की मला घाम फुटतो. आमच्या धंद्यात जो सगळ्यांत मोठी चूक करतो, टेंडर त्यालाच मिळतं. साहेबांना म्हणावं, इतकं कापू नका, एक दिवस अंगावर येईल.

किती नकारात्मक. धाकट्याला एवढंच सांगितलं, तो म्हणतोय की तब्येतीला जपा.

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, मी उगाच बोललो गं त्याला तेव्हा. पण दार उघडून पलीकडे काही गेला नाही. पुरुषांचं असंच असतं.

२ एप्रिल
नवीन क्रेन आली. पिवळीधम्मक. धाकट्यानं लहानपणी खेळण्यातली मागितली होती, बाबांनी दिली नव्हती. मी आवारात उभी राहून बराच वेळ बघत होते.

समोरचेही बघायला आले. क्रेनभोवती हळूहळू दोन चकरा मारल्या, टायर बोटानं दाबून पाहिलं, कुठल्या वर्षाचं मॉडेल ते विचारलं. जपून वापरा म्हणाले. इतकी आपुलकी. जाताना मला म्हणाले, बाई, तुमचे आकडे बसतात कसे हो? आम्ही रात्र रात्र बसतो, आम्हाला काही बसवता येत नाहीत. मी म्हटलं, टापटीप. ते म्हणाले, असेल, असेल.

३ एप्रिल
टिपण सुरू केलं. शीर्षक टाकलं. फॉन्ट मनासारखा मिळेना.

१६ एप्रिल
आता मोठं काम. शहरासाठी जमिनीखालची पाण्याची टाकी. नाल्याला लागूनच खड्डा, तोही चांगला खोल. धाकटा म्हणतो, हे मिळालं तर बाबांचं नाव झालं. नाही मिळालं तरी हरकत नाही, पण मिळेल.

रिपोर्ट काढला. यात ‘तात्पुरती कामे’ एरवी केवढी थोरली असती. खड्ड्याच्या कडांना लोखंडी आधार, अहोरात्र चालणारे पंप, सगळा पसारा. फिल्टरमुळे रिपोर्ट निम्म्यावर आला. स्वच्छतेचा महिमा.

धाकट्यानं शेवटचं पान बघितलं. पुन्हा बघितलं. मग उठून खिडकीपाशी गेला. म्हणाला, इतकं कमी कसं गं? मी विचारलं, त्याला विचारून येऊ का? नको, म्हणाला, आता नको. त्यानं काहीतरी विचार केलाच असेल.

मग सही केली.

२८ एप्रिल
टेंडर उघडताना मीही गेले होते. लांबट हॉल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. अधिकारी एकेक आकडा वाचत होता. आमचा वाचला तेव्हा हॉल गप्प झाला. टाळ्या नाहीत, कुजबुज नाही. मागे कोणाचीतरी खुर्ची सरकली. अधिकाऱ्यानं चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा वाचला.

समोरच्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. कोणाकडे वाईट बातमी ऐकून भेटायला गेल्यावर हलवतात, तशी. हरण्याचं दुःख असणारच.

बाहेर आल्यावर धाकट्याच्या पाठीवर सगळे थाप मारत होते. कोणी थांबलं मात्र नाही.

२९ एप्रिल
शंकासुर महिनाभर रजेवर. चिठ्ठी ठेवून गेला: ताई, साहेबांनी टाकीचा जो आकडा भरला त्यात खड्डा कोरडा कसा ठेवणार, तेवढं विचारून ठेवा.

चिठ्ठीची भाषा जरा रुक्ष वाटली. धाकटा करारावर सह्या करण्याच्या गडबडीत होता. चिठ्ठी फायलीत लावली. सवडीनं विचारेन.

११ मे
तिन्ही कामं एकदम सुरू. फोन थांबत नाहीत. शाळेच्या साइटवरून सुपरवायझर विचारत होता, परांच्यांचे पैसे कुठल्या हेडखाली टाकू? रिपोर्टमध्ये हेडच नाही. गोदामावाला पत्रे मागत होता, टाकीवाला पंप. मी सगळ्यांना समजावलं, अहो, ते तात्पुरतं आहे, तुमच्या पातळीवर बघा.

बघतो म्हणाले. मग काय बघितलं ते सांगायला कोणाचा फोन आला नाही.

ऑफिसात हल्ली शांतता आहे. मला शांतता आवडते. पण ही जरा जास्त ऐकू येते.

१९ मे
धाकटा जेवत नाही. ताटात भात चिवडत बसतो. भावजयीनं मला स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. म्हणाली, ताई, ते झोपेत आकडे पुटपुटतात. तुम्ही रोज तिथे असता, तुम्हाला काही माहीत आहे का? मी म्हटलं, वाढता व्याप आहे, डोक्याला ताण होणारच. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, शाळेच्या कामाची मजुरी भागवायला त्यांनी गोदामाचा पैसा वापरला, आणि गोदामाला आता टाकीचा वापरतायत. आणि टाकीला?

मला यातलं काही माहीत नव्हतं. माझं खातं रिपोर्टचं.

संकल्प: घरातलं वातावरण हलकं ठेवायचं. संध्याकाळी ल्यूडो काढला. कोणी बसलं नाही. मीच दोन रंगांनी खेळले. हिरवा जिंकला.

२३ मे
टाकीची साइट पाहायला गेले. म्हटलं, आपल्या हातच्या रिपोर्टचं प्रत्यक्ष रूप बघावं.

खड्डा मला वाटला होता त्यापेक्षा खूप खोल. कडा सरळ कापलेल्या, ओल्या, उघड्या. तळाशी गढूळ पाणी, त्यात एक पंप घरघरत होता, मधेच थांबे, पुन्हा घरघरे. कडेनं एक बारीक भेग गेली होती. माणसं त्या बाजूनं चालत नव्हती, पण कोणी त्याबद्दल बोलतही नव्हतं. पायाखालची माती बिस्किटासारखी वाटली. मी दोन पावलं मागे आले.

सुपरवायझरला विचारलं, कडांना आधार का नाही दिला? तो म्हणाला, ताई, तुमच्याच रिपोर्टमध्ये नाही. साहेबांना दोनदा फोन केला. ते म्हणाले, एस्टिमेटरनं काहीतरी वेगळी पद्धत धरली असेल, त्याला विचारतो.

घरी येताना सारखं वाटत होतं, काहीतरी विचारायचं राहून गेलंय. काय ते आठवेना. वय.

२५ मे, दुपारी
कडा कोसळली. नाल्याकडची अख्खी बाजू खाली आली. जेवणाची सुट्टी होती म्हणून आत कोणी नव्हतं. एकाचा डबा आत राहिला. एवढंच.

धाकटा फोन आला तसाच निघाला. शंकासुर रजेवरून परस्पर तिकडेच आला होता. मी रिक्षानं पोचले तेव्हा दोघं खड्ड्याच्या काठावर, लांब लांब उभे. मग धाकटा त्याच्याकडे चालत गेला. सव्वा वर्षानंतर पहिल्यांदा मधे मी नव्हते. मला धावत जावंसं वाटलं. तो काय म्हणेल, हा काय म्हणेल, कोणाचं बोलणं कोणाला लागेल. पण चिखल होता, आणि साडी.

धाकट्यानं विचारलं, आधार का धरला नाहीस? शंकासुर म्हणाला, मी धरला होता, तुम्ही कापलात. धाकटा म्हणाला, मी तिन्ही टेंडरांत एक पैसा कापला नाही.

मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं.

२५ मे, संध्याकाळी
शंकासुरानं माझ्याच खुर्चीत बसून डेटाबेस उघडला. मी म्हटलं, कोणीतरी आत शिरून छेडछाड केलेली दिसते, मी छडा लावते. त्यानं फॉरमॅट उघडला, फिल्टर उघडला, खूण काढली. बेरीज वर गेली. शाळा. गोदाम. टाकी. टाकीच्या वेळी धाकट्यानं टेबलाची कड धरली.

मी म्हटलं, पण हेल्पलाइनच्या मुलानं सांगितलं होतं, ओळी डिलीट होत नाहीत.

शंकासुर म्हणाला, नाही झाल्या ताई. सगळ्या आहेत.

ओरडला असता तर बरं झालं असतं.

२६ मे
धाकट्याशी बोलायला केबिनमध्ये गेले. मनाशी बरंच जुळवून ठेवलं होतं: हेल्पलाइनच्या मुलानं स्पष्ट सांगायला हवं होतं, फॉरमॅट शेअर्ड ठेवणंच मुळात चूक, आणि शंकासुरानं तोंड उघडून विचारायला काय हरकत होती.

त्यानं हात वर करून मला थांबवलं. म्हणाला, ताई, टाकीच्या वेळी मला कळलं होतं की काहीतरी चुकतंय. तू विचारून येऊ का म्हणालीस, मीच नको म्हटलं. मला तो आकडा आवडला होता.

म्हणजे दोष सर्वस्वी माझा नाही. हे लिहून काढल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

४ जून
करार मोडता येत नाहीत. मोडले तर कंपनीला पुन्हा कुठे टेंडर भरता येणार नाही, पुरे केले तर पुरे करता करता कंपनी संपेल. धाकटा आणि शंकासुर दिवसभर केबिनमध्ये, दार उघडं. ठरलं ते असं: शाळा आपण पुरी करायची, गोदाम आणि टाकी समोरच्यांना द्यायची, तोटा भरून द्यायला सोबत यंत्रंही. ते आधार लावून, पंप लावून, सगळं रीतसर करतील. त्यांच्याकडे माणसं तयारच होती.

समोरचे सह्यांसाठी आले. मऊ आवाजात म्हणाले, आम्हाला घाई नव्हती. मी चहा दिला. माझ्याकडे बघून म्हणाले, बाई, तुमच्या टापटिपीचे आमच्यावर फार उपकार आहेत. धाकटा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मला त्या हसण्याची भीती वाटली.

क्रेन रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तिला यायला लागला होता त्याच्या निम्माही वेळ जायला लागला नाही.

९ जून
शंकासुराला विचारलं, साहेबांना काही निरोप आहे का? तो म्हणाला, नाही ताई, बोललो मी. धाकट्याला विचारलं, त्याला काही सांगायचंय का? तो म्हणाला, नको, मी सांगतो.

भिंतीतलं दार दिवसभर उघडं असतं. त्यातून वारा येतो, माझे कागद उडतात. काय ठेवावं त्यांच्यावर, सुचत नाही.

१५ जून
सकाळी डेटाबेसमध्ये एक स्पेलिंग सुधारायला गेले. सेव्ह होईना. हेल्पलाइनला फोन लावला. तोच मुलगा. त्यानं ओळखलं. म्हणाला, मॅडम, तुमच्या ऑफिसनं तुम्हाला आता फक्त पाहण्याची परवानगी ठेवलीय. विचारलं, कोणी सांगितलं? त्यानं कागद पाहून धाकट्याचं नाव वाचलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट.

म्हटलं, म्हणजे मी काहीच करू शकत नाही? तो म्हणाला, पाहू शकता ना. फिल्टरही लावू शकता, पण तुमच्या स्क्रीनपुरता. दुसऱ्या कोणाला तो लागणार नाही.

फोन ठेवला. टाकीचा रिपोर्ट उघडला. पहिल्यांदाच सगळा वाचला. टेकू, आधार, पंप, कुंपण, रखवालदार, रात्रीचे दिवे, जखमींसाठी पेटी. कोणीतरी एकेक आठवून लिहिलं होतं.

मग फिल्टर लावला. आकडा झरकन खाली आला. देखणा होता, खरंच. धाकट्याला का आवडला ते कळलं.

पलीकडे दोघं शाळेच्या परांच्यांचं काहीतरी बोलत होते. मी थोडा वेळ तो आकडा पाहिला आणि फिल्टर काढला.